कळलावीचा शेजार

परतवाडा मागे पडले की रस्ता सातपुड्याच्या कुशीत शिरतो. कपाशी-तुरीची शेते संपतात, धारणीकडे निघालेली एस.टी. घाटाची वळणे घेत चढू लागते आणि दोन्ही अंगांनी साग दाटत जातो. मेळघाटातले, सिपना नदीकाठचे सेमाडोह याच रस्त्यावर आहे. कोरकू भाषेत सागाला ‘सिपना’ म्हणतात; इथे नदीनेही झाडाचेच नाव घेतले आहे. श्रावण अर्ध्यावर आला की या सागाखालची जमीन दिसेनाशी होते. गवत, घाणेरी, बांबूची कोवळी रांजी, वेलींचा गुंता, सगळीकडे एकच ओला हिरवा रंग. आणि त्या हिरव्यात, कमरेच्या उंचीवर, एखादी लाल-पिवळी ज्योत अचानक नजरेला पडते.

ती कळलावी. कुणी तिला अग्निशिखा म्हणते, कुणी खड्यानाग, कुणी वाघनखी. मराठी मुलखातल्या पावसाळी रानफुलांत तिच्याइतके देखणे फूल शोधून काढावे लागेल. आणि तिच्याइतके विषारीही.

जंगलातून परतणाऱ्या माणसाच्या मनात एक इच्छा हमखास येते: हे फूल आपल्या अंगणात लागले तर? अमरावती-अकोल्याच्या कितीतरी घरांना एक अशी बाजू असते जिथे गुलाब तग धरत नाही आणि मोगरा फुलत नाही. पूर्वेच्या भिंतीची कड, सीताफळाखालची जागा, कंपाउंडच्या मेंदीला लागून असलेली अर्ध्या सावलीची पट्टी. कळलावीला नेमकी अशीच जागा लागते. ती लावता येते, आणि लावावीही. मात्र आधी तिची पुरती ओळख करून घ्यायला हवी.

नावातच सगळे

‘कळ’ या मराठी शब्दाचे दोन अर्थ या वेलीला चिकटले आहेत. पहिला अर्थ वेदना. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून या वेलीच्या कंदाचा लेप बेंबीवर, ओटीपोटावर किंवा तळहात-तळपायांवर लावण्याची जुनी रीत होती. ‘कळा लावणारी’ ती कळलावी. संस्कृतात तिला ‘गर्भपातिनी’ असेही नाव आहे आणि ते पुरेसे बोलके आहे.

दुसरा अर्थ भांडण. कळ लावणे म्हणजे दोघांत जुंपवणे; कळलाव्या नारद सगळ्यांना माहीत आहे. त्यावरून हा वेल घरात आणला की घरात भांडणे होतात, अशी समजूत पसरली. भांडणाशी या वेलीचा काही संबंध नाही. पण या समजुतीचा एक फायदा झाला असणार: लेकराबाळांच्या घरापासून एक जहरी कंद पिढ्यानपिढ्या लांब राहिला.

तिसरे नाव वऱ्हाडच्या शेतकऱ्याला लगेच पटेल असे आहे. आयुर्वेदात कळलावीला ‘लांगली’ म्हणतात. लांगल म्हणजे नांगर; आपला ‘नांगर’ हा शब्दही तिथूनच आला. जमीन उकरून कळलावीचा कंद बाहेर काढला की नावाचा उलगडा होतो. बोटभर जाडीच्या दोन फांद्या एका टोकाला जुळलेल्या, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा बाक, वरून तपकिरी आणि आतून पांढरा. लाकडी नांगराची छोटी प्रतिकृतीच.

या सगळ्या नावांत एक घोटाळाही आहे. काही भागांत कळलावीला ‘बचनाग’ म्हणतात, पण खरा बचनाग, म्हणजे वत्सनाभ, ही हिमालयातली वेगळीच वनस्पती आहे आणि तिचे विषही वेगळे. ‘वाघनखी’ या नावाने तर उकिरड्यावर वाढणारे, नखासारखी वाकडी फळे येणारे दुसरेच एक झुडूप ओळखले जाते. म्हणून रोप किंवा कंद विकत घेताना नुसत्या मराठी नावावर विसंबू नये. ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ हे शास्त्रीय नाव विचारावे. 1753 मध्ये लिनिअसने ते दिले. लॅटिनमधल्या या दोन्ही शब्दांचा अर्थ वैभव आणि दिमाख यांच्या आसपासचाच आहे.

फूल उलगडते तेव्हा

कळलावीची कळी पानाच्या बगलेतून लांब देठावर येते आणि मान खाली घालून लोंबते. पहिल्या दिवशी ती हिरवट असते, मिरचीच्या कोवळ्या रंगाची. मग सहा पाकळ्या सुट्या होतात आणि खाली न पसरता उलट्या वर वळतात, जणू वाऱ्याने छत्री उलटी झाली आहे. पाकळ्यांच्या कडा चुणीदार. एव्हाना बुडाशी पिवळा आणि टोकाशी शेंदरी असा रंग भरलेला असतो. पुढच्या काही दिवसांत शेंदरी खाली उतरत जातो, पिवळा मागे हटतो, आणि शेवटी सगळे फूल गर्द लाल होते. एकाच वेलीवर वेगवेगळ्या वयाची फुले असल्याने हिरवा, पिवळा, शेंदरी आणि लाल असे चारही रंग एकत्र दिसतात. अग्निशिखा हे नाव त्यावरूनच पडले.

पाकळ्या वर गेल्यावर खाली सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरतात. स्त्रीकेसर मात्र बुडाशीच काटकोनात वळून बाजूला जातो. आपल्याच फुलाचे पराग आपल्यावर पडू नयेत, यासाठीची ही व्यवस्था. मोठी फुलपाखरे मधासाठी येतात तेव्हा त्यांचे पंख परागांना घासतात आणि ते पराग पुढच्या फुलाला पोचतात.

वेल चढतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. काकडी-दोडक्याला खोडातून वेगळे ताणे फुटतात. कळलावीचे पानच पुढे निमुळते होत जाते आणि त्याचे टोक स्प्रिंगसारखे वळून जवळच्या काडीला विळखा घालते. टोक इतके नाजूक असते की त्याला बारीक काडीच पकडता येते. जंगलात त्या काड्या झुडुपे पुरवतात. वेलीच्या मुळाशी झुडुपांची सावली असते आणि शेंडा उजेडात पोचतो.

विष काय करते

कळलावीच्या प्रत्येक भागात विष असते. कंदात आणि बियांत सर्वांत जास्त. त्यातले मुख्य द्रव्य कोल्चिसिन. काळ्या समुद्राच्या काठी जुन्या काळी कोल्किस नावाचा प्रदेश होता, त्यावरून युरोपातल्या ‘कोल्चिकम’ या फुलझाडाचे नाव पडले आणि त्या झाडावरून या द्रव्याचे. पेल्तिए आणि कावाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 1820 मध्ये ते वेगळे काढले. कळलावी आणि कोल्चिकम एकाच कुळातल्या.

शरीरातली पेशी दुभंगताना तिच्यातली गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली जावी लागतात. हे ओढण्याचे काम अतिशय बारीक सूत्रे करतात. कोल्चिसिन ही सूत्रे तयारच होऊ देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. जिथे पेशी सतत नव्या होत असतात तिथे पहिला घाव बसतो: आतड्याचे अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळे. विषबाधेची लक्षणेही म्हणून याच क्रमाने येतात.

कंद पोटात गेल्यावर काही तास काहीच जाणवत नाही. धोक्याची खरी जागा हीच, कारण घरचे निर्धास्त राहतात. मग उलट्या, पोटात मुरडा आणि कॉलऱ्यासारखे जुलाब सुरू होतात. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुप्फुसे आणि रक्त तयार करणारा मगज यांच्यावर परिणाम दिसू लागतो. यातून वाचलेल्या माणसाचे केस पुढच्या आठवड्यांत झडतात आणि नंतर पुन्हा येतात. सहज मिळेल असा खास उतारा या विषावर नाही. रुग्णालयात शरीराला आधार देत राहणे हाच उपचार. शिजवल्याने विष जात नाही.

श्रीलंकेत या वेलीला ‘नियंगला’ म्हणतात आणि तिथल्या वनस्पतीजन्य विषबाधेत तिचे नाव वरच्या ओळीत आहे. तिथे काही लोकांनी तो कंद रताळे किंवा एखादा खाण्याजोगा कंद समजून उकडून खाल्ला. महाराष्ट्रात उपवासाला रताळी लागतात, घरात कोनफळ-सुरण येतो, परसात हळद-आले असते. हिवाळ्यात मातीतून निघालेला अनोळखी कंद नीट न ओळखता धुऊन टोपलीत पडला, की हीच गत इथेही व्हायला वेळ लागणार नाही.

बाळंतपणाच्या कळांसाठी लेप लावण्याच्या जुन्या रीतीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. कळलावी आयुर्वेदात उपविषांत मोडते. वैद्यसुद्धा कंद तसाच वापरत नाहीत. तो गोमूत्रात भिजवून शोधन करूनच औषधात घेतात. असे असताना गरोदर बाईच्या अंगावर किंवा पोटात हा कंद घरच्या घरी वापरणे म्हणजे आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ. मेळघाटातल्या मातांच्या आणि बाळांच्या जिवासाठी गेली कित्येक वर्षे शासन, डॉक्टर आणि कार्यकर्ते झटत आहेत. तिथल्या वाड्यांवर तर या लेपाचे नावही नको. बाळंतपण दवाखान्यातच झाले पाहिजे.

तेच विष, तेच औषध

या विषाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सांध्यांत युरिक आम्ल साचून होणारा संधिवात, म्हणजे गाऊट, त्यावर कोल्चिसिन फार जुने औषध आहे. डॉक्टर आजही ते मोजक्या मिलिग्रॅममध्ये देतात. 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने हृदयरोग्यांतला झटक्याचा धोका कमी करण्यासाठी अर्धा मिलिग्रॅमच्या गोळीला मान्यता दिली. कृषिशास्त्रज्ञांनी तर या द्रव्यापासून वेगळीच करामत केली. पेशी दुभंगायची थांबली की वनस्पतीतली गुणसूत्रे दुप्पट होतात, हे 1937 च्या सुमारास लक्षात आले आणि त्यातून नव्या जाती घडू लागल्या. बिनबियांचे कलिंगड याच वाटेने आले.

औषधाच्या या मागणीमुळे तामिळनाडूत कळलावी शेतातले पीक झाली. ओट्टनछत्रम, मूलनूर, धारापुरम आणि वेदारण्यमच्या परिसरात शेतकरी ती तारांच्या आणि काट्याकुट्यांच्या आधारावर चढवतात. स्त्रीकेसर बाजूला वळलेला असल्याने आपोआप फळधारणा कमी होते, म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत माणसे एकेका फुलाला हाताने पराग लावतात. बी युरोपातल्या औषध कंपन्यांकडे जाते. तमिळमध्ये हे फूल ‘सेंगांदळ’. ते राज्याचे अधिकृत फूल आहे. तिथल्या संगमकाळातल्या ‘कुरिंजिपाट्टू’ काव्यात 99 फुलांची यादी येते आणि तिची सुरुवात कांदळ म्हणजे याच फुलाने होते.

आफ्रिकेतल्या झिंबाब्वेचेही हेच राष्ट्रीय फूल. 1947 मध्ये राजकन्या एलिझाबेथ 21 वर्षांच्या झाल्या तेव्हा त्या देशातल्या, म्हणजे तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियातल्या, शाळकरी मुलांनी वर्गणी काढून त्यांना या फुलाच्या आकाराची हिऱ्यांची पिन भेट दिली होती. सेमाडोहच्या झुडुपातून डोकावणारे फूल असे जगभर मिरवते आहे. आपल्याकडे कोकणात गौरी-गणपतीच्या दिवसांत ते रानफुलांबरोबर पूजेला येते. वऱ्हाडात मात्र बहुतेकांनी ते पाहिलेले नसते.

विषारी झाडे आपल्या अंगणात आधीपासून आहेत

‘विषारी झाड अंगणात कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याआधी आपल्याच अंगणात एक फेरी मारावी. कुंपणाला पिवळी कण्हेर असते; तिच्या फळातली बिट्टी पोरे खेळायला घेतात आणि ती बी हृदय बंद पाडू शकते. तांबडी-पांढरी कण्हेर देवाला वाहतो. महादेवाला धोतरा लागतो, मारुतीला रुईची माळ लागते. बांधावर एरंड असतो. कार्यालयांच्या कुंड्यांतला डिफेनबेकिया चघळला तर जीभ सुजते. यांतले एकही झाड आपण भीतीने उपटून टाकलेले नाही, कारण ते खायचे नसते हे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

युरोपातही हेच घडले. तिथल्या सावलीच्या बागांत ‘फॉक्सग्लोव्ह’ हे घंटेसारख्या फुलांचे जंगली झाड हौसेने लावतात. त्याच्या पानांत हृदयावरचे औषध आहे आणि जास्त झाले तर तेच पान जीव घेते. तरीही शतकानुशतके ते बागेत आहे. लोक ते ओळखतात आणि त्याच्याशी जपून वागतात. कळलावीचा अपघात होतो तो बहुधा अनोळखीपणातून.

ज्या घरात रांगते मूल आहे, सगळे तोंडात घालणारे कुत्र्याचे पिल्लू आहे किंवा मोकाट शेळ्या अंगणात शिरतात, त्या घराने कळलावी लावू नये. मूल मोठे होईपर्यंत थांबावे. बाकीच्यांनी पुढचे वाचावे.

लावायची कशी

सावलीतला वेल वाढवणे वऱ्हाडला नवे नाही. सातपुड्याच्या पायथ्याला, अंजनगाव सुर्जी आणि अकोटच्या परिसरात, शेतकरी पिढ्यानपिढ्या पानमळे आणि पानपिंपळी करत आले आहेत. शेवरी-पांगाऱ्याची सावली, गार ओलावा, वेलीला आधार आणि पाण्याचा निचरा ही त्यांची सारी विद्या कळलावीला जशीच्या तशी लागू पडते.

कंद मिळवावा तो खात्रीच्या रोपवाटिकेतून किंवा औषधी वनस्पतींच्या बागेतून. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे. कुठली वनस्पती कशी ओळखावी आणि कुठून आणावी, हे विचारायला अशी ठिकाणे योग्य. बियांपासूनही वेल येतो, पण बी रुजायला वेळ घेते आणि फूल यायला तीन-चार वर्षे जातात. कंदाला त्याच वर्षी फूल येते.

लावणीची वेळ रोहिणी ते मृग, म्हणजे मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. कंद हातात घेताना मोजे घालावेत. तो खडूसारखा ठिसूळ असतो आणि त्याचा डोळा फक्त फांदीच्या टोकाला असतो. टोक मोडले की ती फांदी फुटत नाही. म्हणून कंद ओंजळीत धरावा, आडवा ठेवावा, टोक किंचित वर असावे आणि चार बोटे माती वरून घालावी. दाबून बसवू नये.

माती हा वऱ्हाडातला खरा प्रश्न. आपली काळी कसदार जमीन कपाशीला मानवते, पण ती पाणी धरून ठेवते आणि साचलेल्या पाण्यात कळलावीचा कंद आठवड्यात सडतो. एक भाग काळी माती, एक भाग जाड रेती आणि एक भाग जुने शेणखत असे मिश्रण करून उंच वाफा करावा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीचा नाद सोडून मोठी, खोल कुंडीच घ्यावी आणि तिच्या बुडाशी विटांचे तुकडे टाकावेत. कुंडीचा दुसरा फायदा असा की कंद कुठे आहे ते कायम माहीत राहते.

जागा अशी निवडावी की कुंडीला सावली मिळेल आणि वेलीच्या शेंड्याला सकाळचे तीन-चार तास ऊन. दाट अंधारात वेल नुसता लांबतो, फुलत नाही. दुपारच्या पश्चिमेच्या उन्हात पानांची टोके करपतात.

आधाराला जाड बांबू उपयोगाचा नाही, कारण पानाच्या टोकाला तो पकडताच येत नाही. इथे शेतातलेच सामान कामी येते. वाळलेल्या तुराट्या किंवा पऱ्हाट्या चार-पाच एकत्र रोवून वर सुतळीने बांधाव्यात. फाट्याफाट्यांच्या पऱ्हाटीवर कळलावी अशी चढते जशी जंगलात झुडुपावर चढते. एका पावसाळ्यात वेल पुरुषभर उंच होतो, कधी त्याहूनही अधिक. पोळ्याच्या आगेमागे पहिली कळी दिसते आणि मग महिना-दीड महिना फुले येत राहतात.

दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागतात. नवखा माणूस इथे घाबरतो आणि पाणी वाढवतो; नेमका त्यानेच कंद सडतो. वेल मेलेला नसतो, झोपी जात असतो. पाणी बंद करावे, वेल वाळू द्यावा आणि कुंडी पावसापाण्यापासून दूर कोरड्या सावलीत ठेवावी. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि घरोघरी पाणी मोजून वापरावे लागते. त्या चार महिन्यांत कळलावी एक तांब्यादेखील मागत नाही. मातीखाली जुना कंद संपून त्याच्या जागी नवा कंद तयार झालेला असतो. मे अखेरीस कुंडी पुन्हा बाहेर काढायची.

पाळायचे नियम

हे नियम ऐच्छिक नाहीत.

कुंडीवर मोठ्या अक्षरांत ‘कळलावी – विषारी’ अशी पाटी लावावी. हिवाळ्यात वेल दिसत नाही तेव्हा ही पाटीच घरातल्या नव्या माणसाला सावध करते. 

कळलावी कधीही हळद, आले, रताळे किंवा शतावरीच्या वाफ्यात किंवा शेजारी लावू नये. काढलेले कंद स्वयंपाकघरात, कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ क्षणभरही ठेवू नयेत.

फुले गळाल्यावर लांबट हिरवी बोंडे धरतात. ती वाळून तीन फाकांत उकलली की आत लाल-नारिंगी दाण्यांच्या ओळी दिसतात. डाळिंबाच्या दाण्यांसारखे हे बी लहान मुलाला खुणावते आणि तेच सर्वांत जहाल असते. घरच्या वेलीवरची बोंडे हिरवी असतानाच कापून टाकावीत. छाटलेला पाला गुराढोरांपुढे टाकू नये, खोल पुरावा. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

आणि तरीही कुणाच्या पोटात एखादा तुकडा गेलाच, तर लक्षणांची वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याच्या किंवा झाडपाल्याच्या उपायात वेळ घालवू नये. 108 ला फोन करावा, वेलीचा तुकडा पिशवीत घेऊन सरळ रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना ‘कळलावी खाल्ली, यात कोल्चिसिन असते’ हे वाक्य सांगावे. रुग्ण ठीक वाटत असला तरीही.

जंगलातली जंगलात

कळलावी तशी भारतभर, आफ्रिकेत आणि आग्नेय आशियातही आढळते. जगाच्या पाठीवरून ती लगेच नाहीशी होईल असे नाही. पण एखाद्या डोंगरउतारावरून, एखाद्या नाल्याकाठावरून ती नाहीशी व्हायला चार-दोन पावसाळे पुरतात. कंद खणणारा माणूस पान किंवा फळ तोडत नाही, सगळा वेलच नेतो. त्या जागी बी पडून नवा वेल फुलायला तीन-चार वर्षे लागतात आणि तोवर दुसरे कुणी येऊन खणून जाते. औषधी व्यापारासाठी अशी उपसणी वर्षानुवर्षे झाली. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीसाठी प्राधान्य दिलेल्या 32 वनस्पतींत कळलावीचा समावेश केला, त्यामागची निकड हीच आहे.

मेळघाटात तर कायदाही स्पष्ट आहे. 1973-74 मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय वनस्पती काढून नेणे गुन्हा आहे. गाडी थांबवून ‘एकच कंद तर घेतो’ म्हणणाऱ्यालाही तो लागू आहे.

कायद्यापेक्षा साधी गोष्ट अशी की जंगलातून ओरबाडलेला कंद बहुधा जगतही नाही. फुले असताना खणला तर तो अर्धा भरलेला असतो, टोक मोडते, आणि शहरात पोचेपर्यंत कुजतो. रोपवाटिकेतला, उन्हाळ्यात झोपलेला, भरलेला कंद त्याच श्रमात हमखास फुलतो.

येत्या मृगाला कंद लावायचा असेल तर रोपवाटिकेत आत्ताच नाव सांगून ठेवावे, कारण कंद मेमध्येच विकायला येतात. जागा ठरवावी, तुराट्या जपून ठेवाव्यात, पाटी रंगवून घ्यावी, घरातल्या प्रत्येकाला हा वेल काय आहे ते बसवून सांगावे. आणि पावसाळ्यात सेमाडोहला जाणे झाले, तर रस्त्याच्या कडेची कळलावी डोळे भरून पाहावी, फोटो काढावा आणि तिला तिथेच सोडून यावे.